पुढच्या चाकाची भीती

अण्णा बसमध्ये बसत नसत. निपाणीच्या बस डेपोत त्यांनी सगळी नोकरी ब्रेक तपासण्यात घालवली आणि त्या सगळ्या वर्षांत घरून डेपोत नि डेपोतून घरी ते सायकलवर गेले. कोणी विचारलं तर म्हणत, "ब्रेक मी बघितलाय. डायवर कुठं बघितलाय?" त्यांनी लाल खडूनं फुली मारलेली गाडी साहेबांनी सांगितलं तरी बाहेर पडत नसे. ड्रायव्हर लोक त्यांना मागं 'फुली' म्हणत.

ते कुत्र्यांना भीत. गच्चीला भीत. गॅसच्या नळीला भीत, म्हणून ती दर सहा महिन्यांनी बदलत आणि जुनी कापून आतून बघत. कोगनोळीच्या नाक्याजवळ हायवे ओलांडायचा असेल, तर दोन्ही बाजूंना एकही ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभे राहत. तिथं असं कधी होत नाही, त्यामुळं ते बहुतेक वेळा परत घरी येत. हा माणूस निवृत्त झाला आणि तंबाखूच्या रिकाम्या वखारीत विमान बांधायला बसला.

विमान बांधणं म्हणजे कल्पनेतून नव्हे. परदेशातून खोकी येतात, त्यांत सुटे भाग आणि सोबत एक जाड पुस्तक. पुस्तकाप्रमाणं जोडत गेलं की दोन माणसांचं छोटं विमान तयार होतं. जोडणाऱ्याला घाई असेल तर तीन वर्षांत होतं. अण्णांना अकरा लागली, कारण प्रत्येक रिव्हेट मारल्यावर ते एक दिवस थांबत आणि दुसऱ्या दिवशी तिला परत बघत. मधल्या काळात एक वर्ष बाहेर राहून ते विमान चालवायलाही शिकून आले. त्यांच्या शिक्षकानं म्हणे सांगितलं होतं, इतका घाबरणारा विद्यार्थी मी पाहिला नाही, आणि ह्याच्या मागं बसून मी बिनघोर झोपू शकतो.

माझा त्यांचा संबंध त्या विमानाच्या पुढच्या पायामुळं आला. बेळगावात उद्यमबागेत माझं हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. जेसीबीचे हात, प्रेसचे सिलिंडर, ऊस ओढणाऱ्या ट्रॉलीचे जॅक, असली कामं. एके दिवशी दुपारी एक वाळका म्हातारा आत आला. निपाणीहून मोपेडवर, सर्व्हिस रोडच्या कडेकडेनं, सकाळी सहाला निघून. जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलेली एक नळी त्यांनी टेबलावर ठेवली आणि नाव सांगायच्या आधी विचारलं, "तुमाला भीती वाटती का?"

मी विचारलं, कशाची?

"कशाची म्हून इचारलं न्हवं? मग काम तुमालाच देतो."

हे त्यांचं तत्त्व होतं, ते मला पुढं कळलं. ते म्हणत, भीती बोटानं दाखवता आली पाहिजे. हा नट, हा सांधा, ही चीर. बोट ठेवता आलं की ती दुरुस्त होते. जिच्यावर बोट ठेवता येत नाही ती भीती घेऊन मुकाट घरी जायचं, तिच्याशी पैज लावायची नाही. डेपोत त्यांनी गाड्या अडवल्या त्या ह्याच हिशेबानं.

त्या पायाचं थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अशा विमानाला मागं दोन चाकं असतात आणि नाकाखाली एक. त्या पुढच्या चाकाच्या पायात तेल आणि दाबलेला वायू भरलेला असतो. चाक जमिनीला टेकलं की पाय आखडतो, तेल एका बारीक भोकातून वर जातं आणि परत येताना सावकाश येतं. ऑफिसचं दार आपटू नये म्हणून वर तेलाचं यंत्र बसवतात, तसंच. हे झालं वरखालीचं. आडवं वेगळं असतं. ते चाक सगळ्या बाजूंना वळतं, आणि मोकळं सोडलं तर वेगात फडफडायला लागतं. सुपरमार्केटमधली ट्रॉली जोरात ढकलली की पुढचं एखादं चाक कसं वेड्यासारखं थडथडतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. गॅरेजवाले त्याला वॉबल म्हणतात. विमानाचं चाक तसं थडथडलं तर पाय वाकतो, नाकावरचा पंखा जमिनीत घुसतो, आणि नशीब वाईट असेल तर विमान उलटं होतं. म्हणून त्याच्या वळण्याला मुद्दाम घर्षण ठेवतात: वाटीसारख्या चकत्या एकावर एक आणि वर नट. नट किती आवळायचा हे चाक आडवं ओढून मोजायचं. पुस्तकात लिहिलं होतं, दहा ते बारा किलोच्या ओढीला चाक हललं पाहिजे, त्याआधी हलता कामा नये.

पाय अकरा वर्षं पडून आतून गंजला होता, तेल गळत होतं. मी नळी आतून घासून आरशासारखी केली, दांड्याला नवीन क्रोम चढवला, सगळ्या रिंगा बदलल्या. मग बसवायला म्हणून वखारीत गेले.

त्या वखारीत मी पहिल्यांदा जात नव्हते, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. ती आक्कांच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, वडिलांची. धंदा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी भिंतींना तंबाखू होता. विमानाला हात लावायच्या आधी प्रत्येकाला चार शिंका यायच्या. आक्का दारातच खुर्ची टाकून बसायच्या, आत यायच्या नाहीत. विमानाला त्या 'ते' म्हणायच्या. "जेवलं का ते? मग तुमीबी जेवा."

माझी आई त्या वखारीत वीस वर्षं पानं निवडायला जात होती. दिवसभर निवडलेली पानं संध्याकाळी टोपलीसकट काट्याला लटकवायची. घड्याळासारख्या तबकडीचा तो ताणकाटा दारामागं टांगलेला असायचा. त्यात टोपलीचा म्हणून दोन किलो कडता, म्हणजे वजनातली कपात, धरलेला होता. टोपली एक किलोचीसुद्धा नव्हती. कडता काट्याच्या आतच होता: तबकडीवरची सुई शून्याच्या खिळीवर टेकून बसायची आणि दोन किलोंचा ताण येईपर्यंत जागची हलायचीच नाही. रिकामा बघितला तर शून्य, म्हणून कोणाला बोट दाखवायला जागा नाही. पण निपाणीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं जन्मलेला माणूस असल्या काट्यावर आठ वाचतो आणि मनात दहा म्हणतो.

अण्णा चाकाची ओढ मोजायला तोच काटा वापरत होते. त्याचा हूक वाकला होता, म्हणून माझ्याकडं दुरुस्तीला दिला. मी हूक सरळ केला. मग मागचं झाकण उघडलं, स्प्रिंगचा स्क्रू फिरवला, खिळी काढली आणि प्रमाणित वजनं लटकवून काटा खरा केला. पाच मिनिटांचं काम. वखारीत तो परत दिला आणि अण्णांनी त्यानंच मोजून पायाचा नट आवळला, तरी त्यांना बोलले नाही. दुरुस्त केलेली गोष्ट मी गाजावाजा करून सांगत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण हे, की कडता काढला म्हटलं तर का काढला ते सांगावं लागलं असतं, आणि आक्का दारात बसल्या होत्या.

विमान ट्रकवर घालून पठारावरच्या एका खाजगी धावपट्टीवर नेलं. उडायचं नव्हतं, परवानगीही तेवढ्याच चाचणीची होती. नुसतं पळवायचं: आधी हळू, मग जोरात, मग थांबायचं. शेजारच्या सीटवर मी बसायचं हे अण्णांनी ठरवूनच टाकलं होतं. डेपोची पद्धत. ब्रेक ज्यानं केला तो चाचणीला गाडीत बसतो, म्हणजे ब्रेक चांगला होतो.

मी म्हटलं, मला दोन मुलं आहेत.

"म्हूनच तर," ते म्हणाले.

पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला वेग वाढवला आणि अर्धी पट्टी गेल्यावर माझ्या तळपायाला बारीक कंप जाणवला, शिलाई मशीनवर पाय ठेवल्यासारखा. दोन सेकंदांत तो गुडघ्यात आला, तिसऱ्यात दातांत. समोरच्या तबकड्या दिसेनाशा झाल्या, नुसते पांढरे पट्टे. आवाज असा की पत्र्याच्या पिंपात कोणी दगड भरून हलवतोय. मला एवढंच कळत होतं की हा माझा पाय आहे, मी घासलेला, मी भरलेला, आणि तो आता तुटणार.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केलं आणि सुकाणूची दांडी दोन्ही हातांनी पोटाकडं ओढून नाक वर उचलून धरलं. कंप थांबला. क्षणभर इतकी शांतता होती की वारा ऐकू आला. मग वेग संपला, नाक खाली आलं, चाक टेकलं, परत थडथडलं, आणि काहीतरी कडकन वाजून पाय वाकला आणि आम्ही पुढं कलंडून थांबलो. पंख्याचं एक पातं वाकलं होतं. आम्ही सीटच्या पट्ट्यांत लटकत होतो, दोघंही धड. ते म्हणाले, "उतरा बाई. आधी डावा पाय." मी उतरले आणि गवतात बसले. आक्का पट्टीच्या कडेनं पळत येत होत्या. चप्पल कुठंतरी राहिली होती.

मला वाटत होतं, खरी भीती ती. पण ती दहा सेकंदांची होती. पुढचे तीन आठवडे वाईट होते.

विमान परत वखारीत आणलं, पण अण्णांना कारण सापडेना. त्यांनी पाय उघडला, तेल गाळून बघितलं, भोक सुईनं मोजलं, मागच्या चाकांची रेघ दोरी लावून तपासली. सगळं बरोबर. बोट ठेवायला जागा नाही. मग भीती त्या पायातून निघाली आणि सगळीकडं गेली. त्यांनी सायकल सोडली. घरातला गॅस बंद करून आक्कांना चुलीवर रांधायला लावलं. स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसायचे. हात थरथरायला लागले, आणि ब्रेकवाल्याचा हात थरथरतो म्हणजे काय ते मला कळत होतं. ते म्हणाले, चूक माझ्या हातातच असंल, दुसरीकडं कुठं न्हाईच तर. विमान भंगारात द्यायचं त्यांनी ठरवलं.

त्याच सुमारास आक्कांनी मला वखारीच्या मागच्या दारी गाठलं. ह्या बाईनं तोवर माझ्याशी चहा घेणार का यापलीकडं बोलणं केलं नव्हतं.

"तुला कारण घावलं तरी सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "आज घाबरून का होईना, घरात हाईत. सांगितलंस की परत चढतील त्यात."

मी म्हटलं, कारण मला तरी कुठं सापडलंय.

त्यानंतर अर्ध्या तासात सापडलं. अण्णा मला दाखवत होते की नट अजून होता तसाच आहे. चाकाला काटा अडकवला, आडवं ओढलं, चाक हललं. "ह्ये बघा," ते म्हणाले. "आठ. म्हंजे धा. पुस्तकात धाच लिवलंय. मग का?"

त्या माणसानं विमानातली प्रत्येक गोष्ट तपासली होती, फक्त ती एक चूक सोडून जिच्यावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास होता. दोन किलोंचा कडता त्यांनी इमानदारीनं मिळवला होता, आणि मी तो आधीच काढून टाकलेला होता. ओढ खरोखर आठच होती, चाक सैल होतं. मी गाडी काढली आणि बेळगावला आले.

आठ दिवस मी गप्प राहिले. न सांगण्याच्या बाजूनं पुष्कळ होतं. एक म्हातारा जिवंत राहत होता. त्याच्या बायकोनं हात जोडले नव्हते, पण जोडल्यासारखंच होतं. सांगितलं, ते चढले आणि मेले, तर ते मरण माझ्या सांगण्याचं. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती: चूक माझी होती आणि ती त्यांच्या हातांच्या नावावर चालली होती. मी वर्कशॉपमध्ये पोरांना रागावते ते नेमकं ह्याच गोष्टीवरून. भंगारवाला गुरुवारी येणार असं कळलं. बुधवारी मी निपाणीला गेले.

अण्णा खाली बसून पंखांचे स्क्रू काढत होते. आक्का दारात. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर बोलले नसते.

"अण्णा, काटा खरा आहे. आठ म्हणजे आठ. हूक दुरुस्तीला दिलात तेव्हा कडता मी काढला, आणि तुम्हाला बोलले नाही."

त्यांनी पाना खाली ठेवला. आक्काच आधी बोलल्या, "कुणी सांगितलं हुतं काढाय?"

"माझी आई ह्याच काट्यावर वीस वर्षं पानं घालत होती."

"नाव काय तिचं?"

मी सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या आणि पहिल्यांदा वखारीच्या आत आल्या. "डावऱ्या हातानं निवडायची, ती?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली, आणि त्यावर त्या परत कधी काही बोलल्या नाहीत. मला बोललेलं चाललं असतं. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं तेव्हा त्यांना काट्याचं काही पडलं नव्हतं. त्या नवऱ्याच्या हातांकडं बघत होत्या. ते हात थांबले होते. थरथर गेली होती. अण्णांनी पाना उचलला आणि काढलेला स्क्रू परत बसवायला सुरुवात केली.

आक्का माझ्याशी पुढं पाच महिने बोलल्या नाहीत. नवा पाय आला, नवा पंखा आला, ओढ अकरावर ठेवली. ती मोजताना अण्णा, मी आणि आणून ठेवलेला एक दुसरा काटा असे तिघं होतो. पळवण्याच्या चाचण्या बिनतक्रार झाल्या. परवानगीचा शेवटचा कागद आला, आणि एका थंड सकाळी, वारा नसताना, अण्णा एकटे चढले.

मी आणि आक्का पट्टीच्या कडेला उभ्या होतो. मी पाच महिन्यांत सगळं तपासलं होतं, तरी लांबूनच परत चाक तपासत होते. विमान पळालं, चाक सरळ राहिलं, मग चाकाखाली उजेड दिसला. ते वर गेलं. एवढा खडखडाट करणारी वस्तू वर गेल्यावर किती लहान झाली. अण्णांनी पठाराला एक वळसा घातला. टेकडीआड गेले तेव्हा आवाज बंद झाला. आक्कांनी माझा दंड धरला. त्यांची नखं लागत होती, पण मी हात सोडवला नाही. कोणाचा आधार कोणाला होता ते सांगता येणार नाही. मी मनात आकडे मोजत होते, आणि साठाच्या पुढं गेल्यावर मला आकडे आठवेनात.

मग आवाज आला. मागची चाकं टेकली, नाक बराच वेळ वरच राहिलं, आणि शेवटी पुढचं चाक खाली आलं ते मांजरानं पाय ठेवावा तसं. तेल भोकातून गेलं, पाय बसला, सावकाश वर आला. एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी मला ते दिसलं.

अण्णा उतरले, रुमालानं चष्मा पुसला, आणि कोणाशी न बोलता चाकाजवळ उकिडवे बसून ते बघायला लागले. आक्का त्यांच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फुडल्या बारीला मी बसणार. खाली हुबं ऱ्हाणं मला जमायचं न्हाई."

अण्णांनी वर बघितलं नाही. मला वाटलं ऐकलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडत होते तेव्हा त्यांचा फोन आला. पुढचा पाय सोडवून ठेवलाय, मोपेडवर घेऊन निघतोय, सगळ्या रिंगा नव्या घालायच्या, क्रोम परत तपासायचा, तेल बदलायचं, चकत्यासुद्धा बदलायच्या. मी म्हटलं, अण्णा, कालपरवा उडून आलात, पाय एक नंबर चाललाय. त्यात काय बिघडलं?

"कायबी न्हाई बिघडलं," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. चाक थडथडलं त्या तिसऱ्या फेरीतही तो तसा झाला नव्हता. "ती बसणार हाय."